गाउनचं वजन

गाउनचा काठ स्टुलाच्या लोखंडी पायाला लागला आणि टक् असा आवाज झाला. ग्रॅमसाहेब होते तिथेच थांबले. लोकर अशी वाजत नाही. त्यांनी वाकून काठ दोन बोटांत धरला आणि मुद्दाम पुन्हा स्टुलाच्या पायावर आपटला. टक्. सकाळचे साडेनऊ झाले होते. बायको समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरकडे नवे पडदे टांगायला गेली होती, अकरा वाजता दवाखान्यातल्या सिस्टर यायच्या होत्या आणि घरात उगाचच गारठा होता. जाताना ती खिडकी सताड उघडी टाकून गेली होती आणि वर दोनदा बजावून गेली होती की गारठा आहे, गाउन काढू नका. ती गेल्यावर त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटलं. छत्तीस वर्षं ज्यानं लोकांचे तराजू तपासले त्याला एवढं तरी कळतं, की माणूस एखादी गोष्ट दोनदा बजावतो तेव्हा तिसरी कुठली तरी गोष्ट झाकत असतो.

ग्रॅमसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमाप खात्यात निरीक्षक असताना दुकानदारांनी ते ठेवलं होतं, आणि ते प्रेमानं ठेवलं होतं असं म्हणायला फारसा वाव नव्हता. गल्लीच्या तोंडाशी त्यांची काळी बॅग दिसली की निरोप पुढे पळायचा, ग्रॅमसाहेब आले, आणि ओळीनं सगळ्या दुकानांतले काटे एकदम शहाण्यासारखे वागू लागायचे. त्यांना ते नाव आवडायचं. एका ग्रॅमचीही सूट न देणारा माणूस म्हणून ओळख असणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. वर्षातून एकदा खात्याकडून शाळांमध्ये जायचं काम असायचं. बाकीचे ते टाळायचे, हे मात्र मागून घ्यायचे. मुलांना डोळे मिटायला सांगायचे, दोन्ही तळहातांवर एकेक वजन ठेवायचे आणि विचारायचे, कुठलं जड? सांगा बघू. घाई नाही, हाताला विचारा. एकदा एक दोन वेण्यांची मुलगी बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, काका, हाताला कळतंय पण मला अजून कळलेलं नाही. त्यांनी तिला पुढे बोलावून सगळ्या वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या होत्या. इतकं नेमकं उत्तर त्यांना त्यांच्या खात्यातही कुणी दिलं नव्हतं.

गेले पाच आठवडे त्यांचे स्वतःचे खांदे हेच तर सांगत होते. गाउन जड झाला होता. अंगावर घेताना जणू मागून कुणीतरी दोन्ही हातांनी खाली ओढतंय असं वाटायचं. त्यांनी त्याचा अर्थ लावला होता की आपण अशक्त झालो. पोटातला आजार आता शेवटच्या पायऱ्यांवर आलाय हे डॉक्टरांनी आडवळणं न घेता सांगितलं होतं, तेव्हा खांद्यांनी हात टेकले तर त्यांचं काय चुकलं? त्यांनी गाउन काढला, मांडीवर घेतला आणि काठ चाचपला. बोटांना एक गोल, जाड चकती लागली. चार बोटांवर दुसरी. मग तिसरी. पडद्याच्या तळाशी घालतात तशी शिशाची वजनं, पडदा सरळ पडावा म्हणून घालतात ती. कोटाच्या बटणाएवढी, प्रत्येकी पन्नास ग्रॅम. बायको तीस वर्षं पडदे शिवत होती. आतल्या खोलीत मशीनशेजारी या चकत्यांचा डबा असायचा, आणि चकती पन्नास ग्रॅमचीच आहे याची खात्री लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनीच करून दिली होती. काठात, दोन्ही बाजूंच्या शिवणीत, खिशांच्या अस्तरामागे, पट्ट्यात, सगळीकडे. प्रत्येक चकतीला तिच्या मापाचा वेगळा कप्पा, कडेनं बारीक टाका, गाउनच्याच रंगाचा दोरा. बाहेरून एक सुरकुती नाही. ग्रॅमसाहेबांनी मोजल्या. बेचाळीस.

त्यांना राग यायला हवा होता. तो येईल म्हणून ते थोडा वेळ थांबलेही. पण आधी हात पुढे झाला. त्यांनी गाउनची घडी घातली, उजव्या तळहातावर ठेवली, डोळे मिटले आणि हाताला विचारलं. साडेतीन किलो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर तीन किलो पाचशे. हात अजून शाबूत होता. खांदेही शाबूत होते, म्हणजे जे काही ओढत होतं ते शिसं होतं, आपण नव्हतो, आणि या विचारानं त्यांना अशी काही उभारी आली की बनियनवर, उघड्या खिडकीसमोर, ते ताठ उभे राहिले. मग हिशेब टोचला. मूळ गाउन एक किलो तीनशे. बेचाळीस चकत्या म्हणजे दोन किलो शंभर. बेरीज तीन किलो चारशे. शंभर ग्रॅम जास्तीचे कुठून आले? पुन्हा चाचपलं, पुन्हा मोजलं. बेचाळीसच. काटा आणि हात एका बाजूला, गणती दुसऱ्या बाजूला. असा फरक राहिला की पूर्वी त्यांना जेवण जात नसे. आता तसंही जात नव्हतं.

दर रविवारी सकाळी वजन व्हायचं. सिस्टरांनीच सांगितलं होतं की आठवड्याला एकदा करा, फोनवर कळवा. न्हाणीघरापुढच्या काट्यावर ग्रॅमसाहेब चढायचे, आकडा मोठ्यानं सांगायचे, आणि ती वहीत लिहायची. थंडी सुरू झाली तेव्हा गाउन घालूनच चढायचं ठरलं. त्यांनी गाउन वेगळा तोलून घेतला, एक किलो तीनशे, एवढं दर वेळी वजा करत जा म्हणून तिला सांगितलं. भांड्याचं वजन आधी काढून टाकायचं, त्याला दुकानात धडा करणं म्हणतात, आणि धडा दर वेळी नव्यानं करायचा असतो. हे त्यांनी किती दुकानदारांना सुनावलं असेल. रिकामा डबा आज जेवढा भरला तेवढाच उद्या भरेल हे तुला कुणी सांगितलं, असं म्हणून त्यांनी भल्याभल्यांची बोलती बंद केली होती. आणि स्वतःच्या गाउनचा धडा त्यांनी एकदाच केला. गाउनवर कोण संशय घेतो? बायकोवर कोण घेतो?

तो महिना त्यांना आता स्पष्ट आठवला. गाउनआधीचा. काट्यावर उभं राहून ते आकडा सांगायचे आणि मागोमाग, खात्यातली सवय म्हणून, एक शब्द म्हणायचे. घट. घट, सहाशे ग्रॅम. घट, नऊशे. दुकानात हा शब्द उच्चारला की गल्ल्यामागचा माणूस नजर चुकवायचा. घरात ती वही पुढे धरून उभी असायची, पेन्सिल क्षणभर कागदावर टेकायचीच नाही. एका रविवारी तिनं विचारलं होतं, अगदी हळू, की मी काय कमी करतेय? त्यांना वाटलं ती स्वयंपाकाबद्दल विचारतेय, म्हणून ते म्हणाले, मीठ. त्याच दुपारी त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला होता आणि फोनवरून ती भावजयीला म्हणाली होती की माझा भाऊ तुझ्या हातात असा कसा वाळला गं? फोन ठेवून बायको मशीनवर जाऊन बसली आणि मशीन बराच वेळ नुसतंच चालत राहिलं, कापड नसताना. काट्यावर चढायचे ते, पण दर रविवारी तोलली जात होती ती, आणि घट म्हणून शिक्का मारणाराही घरचाच निरीक्षक होता. हे त्यांच्या आत्ता, गाउन मांडीवर घेऊन बसल्यावर, लक्षात आलं. काही गोष्टी हाताला कळतात आणि माणसाला कळायला पाच आठवडे लागतात.

आणि या पाच आठवड्यांत ग्रॅमसाहेब काय करत होते? मिरवत होते. बावन्न सातशे, बावन्न आठशे, बावन्न सातशे, पुन्हा बावन्न आठशे. काटा हलेना. ती पावडर घातलेलं दूध आणून द्यायची, दार लोटून मशीनवर गेली की ते पेला बेसिनमध्ये रिकामा करून नळ सोडायचे. सूप अर्धं खिडकीतल्या कुंडीत जायचं. चार घास घशाखाली उतरले तर दिवस चांगला. एवढं असूनही वजन टिकून! त्यांना आपल्या शरीराबद्दल एक वेगळाच आदर वाटू लागला होता. फोनवर जुन्या सहकाऱ्याला त्यांनी सांगितलंही, अरे, वाऱ्यावर जगतोय मी, पण काटा एक घर खाली येत नाही. तो बिचारा म्हणाला, साहेब, तुमच्याच धाकात असेल काटा. दोघं पोट दुखेपर्यंत हसले होते. आता त्या हसण्याची आठवण होऊन त्यांचे कान तापले. लबाडी चालली होती ती दोन्ही बाजूंनी. फरक एवढाच की त्यांची लबाडी बेसिनमध्ये वाहून गेली होती आणि तिची टिकून होती, टाका न् टाका.

आणि तो आकड्यांचा चढउतार! ग्रॅमसाहेबांनी वही उघडली, तिच्या बारीक अक्षरातला रकाना बोटानं खालपर्यंत पाहिला आणि त्यांच्या तोंडून आपसूक वा निघून गेलं. वर्षानुवर्षं रात्रीच्या जेवणाला त्यांनी तिला दिवसभराच्या चोऱ्या सांगितल्या होत्या. कुणी पारड्याखाली मेण लावलं, कुणी वजन आतून पोकळ केलं. ती वाढता वाढता हं हं करायची, त्यांना वाटायचं ऐकतच नाही. हावरा लगेच सापडतो, असं ते नेहमी सांगायचे. आणि ज्याचा आकडा रोज एकच येतो तो मूर्ख, तोही सापडतो. शहाणा चोर मधूनच शंभर ग्रॅम स्वतःचं नुकसान करून घेतो, त्याच्यापुढे आम्हीसुद्धा फसतो. तिनं तिसऱ्या आठवड्यात शंभर ग्रॅम उतरवले होते. म्हणजे त्या आठवड्यात तिनं दोन चकत्या कमी शिवल्या असणार, दात ओठ खाऊन. ग्रॅमसाहेबांच्या उभ्या नोकरीत त्यांच्या डोळ्यांत पाच आठवडे कुणी धूळ फेकली नव्हती. तो मान त्यांच्या घरात, त्यांच्या ताटाला ताट लावून जेवणाऱ्या बाईनं पटकावला होता. त्यांची छाती खरोखर फुगली, बरगड्या दिसत होत्या तरी.

पण अकरा वाजता सिस्टर येणार होत्या. नवं औषध सुरू करायचं की नाही आणि किती, हे वजनावर ठरायचं होतं. बावन्न आठशे धरून डोस लिहिला असता तर तो एका अशा माणसासाठी लिहिला असता जो या घरात राहत नव्हता. खोटं बोलून चालणार नव्हतं. त्यांना ते जमलंही नसतं. आणि खरं बोलायचं तर सिस्टरांसमोर तिची काय शोभा झाली असती? त्या फोनवर दर वेळी म्हणायच्या, काकूंची वही म्हणजे आमच्या फाइलपेक्षा पक्की. ते ऐकून ती दिवसभर जरा गुणगुणत असायची. खोटं वजन वापरणाऱ्याला ग्रॅमसाहेबांनी कधी सोडलं नव्हतं, रडणाऱ्यालाही नाही, ओळखीच्यालाही नाही. त्यांनी गाउन पुन्हा अंगात घातला, पट्टा बांधला आणि खुर्चीत बसून राहिले. साडेतीन किलो. आता कळून-सवरून अंगावर घेतल्यावर तो तितका ओढत नव्हता.

साडेदहाला ती आली. हातातली शिडी दाराशी ठेवली, आधी गाउनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. दातांच्या डॉक्टरला पडद्याचा रंग फिका वाटला म्हणे, तर मी म्हटलं दात बघा, पडदे मी बघते, असं काहीबाही सांगत ती दूध तापवायला गेली. दूध आलं, ते त्यांनी समोर ठेवून दिलं. अकराला पाच कमी असताना सिस्टर आल्या, तरुण, चष्मेवाल्या, पाठीवर पिशवी. गारठा किती हो तुमच्याकडे, म्हणाल्या. बायको खिडकीकडे गेली आणि काचेला नुसता हात लावून परत आली. रक्तदाब झाला, झोप विचारून झाली. मग सिस्टर काट्याकडे वळल्या आणि ग्रॅमसाहेब उठले. चालता चालता त्यांनी पट्टा सोडला. बायको एक पाऊल पुढे आली. त्यांनी गाउन काढला, तिच्याच हातात दिला, दोन्ही हातांनी, सांभाळून, जसं जड सामान देतात तसं. त्या देण्यावरून तिला कळलं. ते काट्यावर चढले.

"पन्नास किलो चारशे," ते म्हणाले. पुढचा शब्द त्यांनी गिळला.

सिस्टरांनी वही पाहिली, काटा पाहिला, पुन्हा वही पाहिली.

"काका, रविवारी बावन्न आठशे होतं. आठवड्याच्या आत एवढं?"

"चूक माझी आहे, सिस्टर. मी गाउनसकट तोलायचो आणि गाउनचा धडा पुन्हा केला नाही. छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाची ही चूक. लिहून घ्या हवं तर, निरीक्षकाचा निष्काळजीपणा."

हे बोलताना त्यांचा आवाज एवढा ठाम होता की सिस्टरांनी खरंच पेन काढलं. तिथेच सगळं मिटलं असतं. पण बायको गाउन हातावर घेऊन उभी होती, मान वर, आणि तिच्या चेहऱ्यावर शरमेचा मागमूसही नव्हता. आपल्या कामावर दुसऱ्याचं नाव पडताना बघून कारागिराचा होतो तसा तिचा चेहरा झाला होता.

"यांची कसली चूक? शिसं मी शिवलं. चव्वेचाळीस चकत्या आहेत आत."

"बेचाळीस," ग्रॅमसाहेब म्हणाले.

"कॉलरमध्ये दोन आहेत. त्या तुम्हाला सापडायच्या नाहीत."

सिस्टर एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. ग्रॅमसाहेब हात पुढे करून कॉलर चाचपत होते. होत्या. मानेच्या मागे, शिवणीच्या घडीत, एकावर एक. शंभर ग्रॅम जागेवर बसले तसं त्यांना मोकळं मोकळं वाटलं, आणि सिस्टरांकडे वळून त्यांनी, एखाद्या मुलीचा निकाल सांगावा तसं, सांगितलं, "पाच आठवडे. मला."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि बायकोला बसवलं. मग जे सांगितलं ते अगदी सावकाश सांगितलं. की या आजारात शरीर स्वतःलाच जाळत राहतं, दिवसभर भरवत बसलं तरी काटा खाली येणारच असतो. की भूक ही सुद्धा आजारानंच नेलेली असते, ती रागावून किंवा गोड बोलून परत येत नाही. की त्यांना हवं तेव्हा, हवं ते, बशीत मावेल एवढंच द्यायचं, नको म्हणाले तर उचलून न्यायचं, त्यात तुमची हार नाही. की डोस आता कमी करून घेऊ, बरं झालं आजच कळलं, आणि यापुढे रविवारचं वजन बंद, लागेल तेव्हा मी येऊन करीन. बायको ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही, काकू. पहिल्या दिवसापासून नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

ती बराच वेळ गाउनच्या काठावरून अंगठा फिरवत राहिली. मग उठायला लागली तर सिस्टरांनी काट्याकडे बोट दाखवलं. आता तुम्ही. मला काय धाड भरलीय, ती म्हणाली. सिस्टर म्हणाल्या की घरात जो सांभाळतो त्याचंही वजन आम्ही बघतो, रीतच आहे आमची. ती कुरकुरत चढली. ग्रॅमसाहेब सवयीनं वाकले, आकडा वाचायला. शेहेचाळीस किलो शंभर. त्यांनी पुन्हा वाचला. हा काटा घरात आणला त्या दिवशी दोघं हौसेनं चढले होते, तेव्हा ती पंचावन्न किलो शंभर भरली होती, तिनं जीभ चावली होती. नऊ किलो. एकाच टेबलावर, एकाच पलंगावर, त्यांच्या नाकासमोरून नऊ किलो गेले आणि ज्याला डोळे मिटून ग्रॅम कळायचे त्याला डोळे उघडे ठेवून कळलं नाही. ती म्हणाली, काटा बिघडलाय बहुतेक. ग्रॅमसाहेब हळूहळू उभे राहिले.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले.

सिस्टर गेल्यावर त्यांनी खिडकी लावली. त्यासाठी दोनदा दम घ्यावा लागला. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि पाव, लोणी, उकडलेली दोन अंडी असं जे सापडेल ते टेबलावर मांडू लागले. ती दारात उभी राहून बघत होती. खायचंय का काही, तिनं विचारलं, आवाजात जुनी आशा होती आणि ती आशा तिनंच पटकन मागे घेतली. ते म्हणाले, मला नको, तू बस. ती म्हणाली, तुम्ही जेवल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत नाही. तेव्हा ग्रॅमसाहेबांनी कबुली दिली की ते दूध बेसिनमध्ये ओततात.

"माहीत आहे मला," ती बसत म्हणाली. "बेसिनला वास येतो. आणि त्या कुंडीतलं झाड किती माजलंय बघा."

ते लोणी लावू लागले. त्यांनी कोपर टेबलावर टेकलं आणि पावाच्या चारी कडांपर्यंत, एक कोपरा कोरडा राहणार नाही असं, लोणी पसरलं. अंडं सोलायला वेळ लागला. त्यांना तो वेळ आवडला. कितीतरी आठवड्यांनी त्यांच्या हाताशी असं काम आलं होतं ज्याचा कुणाला तरी उपयोग होता. बशी त्यांनी तिच्यासमोर सरकवली आणि स्वतः समोरच्या खुर्चीत, पाठ सरळ करून, बसले. तिनं एक घास घेतला. दुसरा घेतला. तिच्या मानेवरची शीर हलताना त्यांना दिसत होती, गालाखालचा खड्डा दिसत होता, बांगडीइतकं सैल झालेलं घड्याळ दिसत होतं, सगळं एकदम दिसत होतं. अर्धा पाव उरला तेव्हा ती बशी बाजूला सारू लागली आणि म्हणाली की तुम्ही जाऊन पडा आता, दमला असाल, मी खाते नंतर.

ग्रॅमसाहेब हलले नाहीत.

"तपासणी पुरी झाल्याशिवाय मी दुकान सोडत नाही," ते म्हणाले. "सगळ्या बाजाराला माहीत आहे."

तिला भरल्या तोंडानं हसू फुटलं, ते तिनं हातानं दाबलं, आणि दुसऱ्या हातानं उरलेला पाव उचलला.